गाल लाल का होतात? आधी स्टेरॉइडची ट्यूब बाजूला ठेवा

प्राणिशास्त्राची प्रॅक्टिकल्स घेण्यात माझी सव्वीस वर्षं गेली. तरी पन्नाशीत गाल तापायला आणि नाकाशेजारी पुटकुळ्या यायला लागल्या, तेव्हा मीही कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्येच गेले. त्यानं दिलेल्या क्रीमनं चार दिवसांत चेहरा असा स्वच्छ झाला की भिशीत सगळ्यांनी नाव विचारलं. महिन्यानं ते थांबवलं आणि गाल दुपटीनं पेटले. या दुखण्याचं नाव रोझेशिया : चेहऱ्यावर लाली आणि पुटकुळ्या आणणारा त्वचेचा दाह.

म्हणून पहिलं काम हे : ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी काही दिसलं तर ते स्टेरॉइड आहे. चेहऱ्यावर ते आपल्या मनानं लावायचं नाही. बरेच महिने लावत असाल तर सोडायचं कसं, तेही त्वचेच्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या. स्टेरॉइडनं लाली दबते, पण त्वचेचा पहाराही ढिला पडतो आणि तिथे राहणाऱ्या माइटचं फावतं.

हे माइट म्हणजे डेमोडेक्स. कोळ्याच्या गोतावळ्यातले, आठ पायांचे, मिलिमीटरच्या एक तृतीयांशाएवढे. केसांच्या मुळांशी डोकं खाली घालून राहतात, रात्री बाहेर येतात, दोन-तीन आठवडे जगतात. ओळखीत कुणाकडे मायक्रोस्कोप असेल तर बघून घ्या : नाकाच्या बाजूचा तेलकटपणा बोथट कडेनं हलकेच खरवडा, स्लाइडवर खाद्यतेलाच्या थेंबात ठेवा, कव्हरस्लिप टाका, उजेड कमी करा. मला पहिल्याच स्लाइडवर तीन दिसले. शेजारच्या ठणठणीत काकांच्या नाकावरही एक निघाला, तेव्हापासून ते माझ्याकडे चहाला जरा जपूनच येतात! माइट जवळपास प्रत्येक मोठ्या माणसाच्या चेहऱ्यावर असतात. दिसले म्हणजे आजार, असं नाही. रोझेशियाच्या चेहऱ्यावर त्यांची गर्दी जास्त असते, इतकंच.

आणि त्या माइटच्या पोटातही भाडेकरू आहेत. आयर्लंडमधल्या संशोधकांनी २००७ साली रोझेशियाच्या रुग्णाच्या माइटमधून बॅसिलस ओलेरोनियस हा जिवाणू वेगळा केला. त्याआधी तो सापडला होता वाळवीच्या आतड्यात! त्याची प्रथिनं प्रयोगशाळेत रक्तातल्या पांढऱ्या पेशींपुढे ठेवली तेव्हा २२ पैकी १६ रुग्णांच्या पेशी चवताळल्या, निरोगी लोकांत मात्र १७ पैकी फक्त ५ जणांच्या. माइट मेला की हा माल त्वचेत सांडतो आणि दाह पेटतो, अशी ही मांडणी. मला ती पटते, पण पूर्ण सिद्ध झालेली नाही. या जिवाणूला डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक मारतं. पण रोझेशियात ते जिवाणू मारायला अपुऱ्या अशा कमी मात्रेतही गुण देतं, कारण ते मुळात दाहच कमी करतं. म्हणजे सगळा दोष त्या भाडेकरूवर टाकता येत नाही.

आता रोजचं. माइट घासून निघत नाहीत, उलट त्वचाच सोलवटते. स्क्रब, लिंबू, टोमॅटो, वाफ, सगळं बंद. आई म्हणेल दिवाळीचं उटणं तरी लाव. हातापायांना लावा, तोंडाला नाही. कोमट पाणी, सौम्य क्लेन्झर, साधं मॉइश्चरायझर, वर झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन. पुण्यात स्कूटर म्हटली की स्कार्फ आलाच. तो सुती ठेवा, रोज धुवा आणि सिग्नलला जरा सैल करा; आत कोंडलेल्या उष्णतेनं कर्वे रस्ता संपेपर्यंत माझे गाल भट्टी व्हायचे. टेकडी चढायची तर उन्हाच्या आधी. तर्रीची मिसळ आणि उकळता चहा यांपैकी तुम्हाला काय भोवतं, ते दोन आठवडे वहीत लिहा. मला चहा भोवायचा, मिसळ नाही. देवाची कृपा.

औषध डॉक्टर ठरवतील. मला आयव्हरमेक्टिन या माइट मारणाऱ्या औषधाचं एक टक्क्याचं क्रीम दिलं होतं : रात्री, गाल, कपाळ, नाक, हनुवटी या प्रत्येक भागाला वाटाण्याएवढं. पहिल्या आठवड्यात लाली जरा वाढली, घाबरून फोन केला. असं होऊ शकतं, म्हणाले. खरा फरक बाराव्या आठवड्याच्या सुमाराला दिसला. डॉक्सिसायक्लिन लिहून दिलं तर भरपूर पाण्याबरोबर घ्या, घेऊन लगेच आडवं होऊ नका, ऊन टाळा. गरोदर असाल तर आधीच सांगा.

डॉक्टरांकडे जाताना तोंडाला काही फासू नका, आणि लाली चढलेली असतानाचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या. आपल्या सावळ्या रंगावर लाली पटकन दिसत नाही. ‘भाजल्यासारखं होतं, टोचतं’ हे तोंडानं सांगावं लागतं. पापण्यांच्या मुळाशी नळीसारखा कोंडा, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं वाटणं, हे असेल तर तेही सांगा. माइट तिथेही असतात. डोळा दुखायला लागला, नजर धूसर झाली किंवा उजेड सोसेना, तर त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर गाठा.