चाकाचा आऊट पुन्हा पुन्हा येतो? या चुका टाळा

गणपती आटोपले की ठाण्यातल्या सायकल दुकानांत चाकं यायला लागतात. घोडबंदरच्या सर्व्हिस रोडवरचे खड्डे, उड्डाणपुलांवरचे सांधे, सोसायटीच्या गेटसमोर खचलेले पेव्हर ब्लॉक, या सगळ्यांच्या नावाने बोटं मोडत लोक चाक पुढे करतात. "जरा आऊट काढून द्या," म्हणजे फिरताना डावी-उजवीकडे जाणारी रिम सरळ करा. कारागीर पाच मिनिटं निपल, म्हणजे तार रिमला बांधणाऱ्या बारीक नट, फिरवतो, रिम ब्रेकला घासायची थांबते. दोन आठवड्यांनी तोच माणूस तेच चाक घेऊन परत येतो. खड्ड्यांची बाजू मी घेणार नाही, पण सारखं आऊट होणाऱ्या चाकाचं मूळ दुखणं बहुतेक वेळा तारांच्या ताणात असतं.

फक्त सरळपणा बघणं

चाक डोळ्यांना सरळ दिसतं आणि तरी आतून बिघडलेलं असतं. एक तार फार आवळलेली, शेजारची सैल, त्यापुढची पुन्हा आवळलेली. अशी ओढाताण करूनही रिम मध्यावर आणता येते. ती टिकत नाही. पहिल्या मोठ्या धक्क्याला सैल तारेचं निपल आणखी सुटतं आणि चाक वाकडं होतं.

तार तुटण्यामागेही हेच असतं. चाक फिरताना जमिनीकडे आलेल्या तारेवरचा ताण दर फेरीला कमी होतो, वर जाताना परत येतो. 700 × 28 टायरचं चाक किलोमीटरमागे साधारण 470 वेळा फिरतं. म्हणजे वीस किलोमीटरच्या फेरीत प्रत्येक तारेला नऊ हजारांहून जास्त हिसके बसतात. तार चांगली ताणलेली असेल तर ती खाली आल्यावरही थोडी ताठ राहते. सैल असेल तर पूर्ण ढिली पडते, मग खटकन ताणली जाते, आणि हबमध्ये (चाकाच्या मधल्या भागात) अडकलेलं तिचं वाकलेलं टोक जरा जरा हलत राहतं. धातू थकतो आणि तार तिथेच, वाकणाशी, तुटते. म्हणून "जास्त आवळलं म्हणून तुटली" हे निदान मला सहसा पटत नाही.

तपासणी सोपी आहे. एकाच बाजूच्या तारा एकेक करून बोटाने छेडा. आवाज साधारण एका पट्टीत यायला हवा. एखादी 'टण'ऐवजी 'थड' वाजली की ती सैल. तबलजी एकाच गठ्ठ्यावर हातोडी न मारता सगळ्या घरांचा सूर मिळवत फिरतो, तसंच हे काम आहे. मात्र मागच्या चाकात डावी-उजवी बाजू एकमेकींशी जुळवायला जाऊ नका. गिअरमुळे उजवीकडच्या तारा जास्त उभ्या असतात, त्यामुळे त्यांच्यावर 100 ते 120 किलोचा ताण असला तर डावीकडे जेमतेम निम्मा किंवा साठ टक्के भरतो. ते तसंच असायला हवं.

निपल भलतीकडे फिरवणं

घरी पाना घेऊन बसणारे इथे हमखास फसतात. टायर काढून रिमच्या बाहेरून निपलकडे पाहिलं तर ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने आवळतं. आपण बघतो आतून, हबच्या बाजूने. तिथून तीच दिशा उलटी दिसते. पहिलं निपल पाव फेरी फिरवा, तार छेडा, आवाज चढला का ऐका आणि मगच पुढे जा.

रिम डावीकडे गेली असेल तर त्या भागातल्या उजव्या तारा पाव फेरी आवळा आणि डाव्या पाव फेरी सोडा. नुसतं आवळत सुटलात तर त्या जागी रिम हबकडे खेचली जाते, चाकाचा गोलपणा जातो आणि प्रत्येक फेरीला सीटखाली उडी जाणवते. म्हणून आधी उडी काढायची, मग डावा-उजवा आऊट. शेवटी चाक उलटं करून चिमट्यात (फोर्कमध्ये) बसवून बघा. रिम दोन्ही वेळा मध्यावर आली तरच ती खरी मध्यावर आहे.

पान्याचं माप नीट बघा. निपलची मापं 3.23, 3.30, 3.45 मिलिमीटर अशी जवळजवळची असतात. "बसतोय की" म्हणून मोठा पाना लावला तर निपलचे कोपरे झिजून ते गोल होतं, मग पक्कड आणि शिव्या. गंजून बसलेल्या निपलवर जोर करण्याआधी तारेच्या आट्यांशी तेलाचा थेंब सोडून रात्रभर ठेवा.

नवीन तारा भरल्यावर समांतर जाणाऱ्या तारांच्या जोड्या मुठीत धरून चांगल्या दाबायच्या असतात. करकर आवाज येतो, पिळलेल्या तारा सुटतात, वाकणं हबमध्ये नीट बसतात. हा टप्पा घाईत गाळला जातो आणि पहिल्या शंभर किलोमीटरांतच चाक आऊट होतं.

वाकलेल्या रिमवर तारांनी इलाज करणं

रिमची कड खड्ड्यात आपटून आत दबली असेल, किंवा चाकाचा सरळ आठ झाला असेल, तर तारा ओढून ती नीट होत नाही. रिम सैल तारांवर मोकळी सोडली तरी वाकडीच राहते का, एवढं बघा. राहत असेल तर ती बदलायची. हातोडीने सरळ केलेली रिम मी कुणालाही वापरायला सांगणार नाही.

रिम ब्रेकवाल्यांनी पावसाळ्यानंतर रिमवर ब्रेक घासतो ती पट्टीही बघावी. ओली वाळू आणि रबर मिळून ॲल्युमिनिअम घासून काढतात. रिमवर काळा चिखल दिसतो तो हाच. अनेक रिमांवर झीज कळायला बारीक खाच किंवा खळगा असतो. तो नाहीसा झाला, किंवा बोट फिरवल्यावर पट्टी खोलगट लागली, की थांबा. पातळ झालेली भिंत टायरच्या दाबाने फाटते.

एकेक तार बदलत राहणं

एक तार तुटली तर ती बदला, काही बिघडत नाही. त्याच चाकाची दुसरी, मग तिसरी गेली की बाकीच्याही थकल्या आहेत असं समजा. रिम सरळ असेल तर त्या बाजूच्या सगळ्या तारा नव्या भरून घ्या. दर वेळी एका तारेची मजुरी देण्यापेक्षा हे स्वस्तात पडतं.

लांबी वाकणाच्या आतल्या कडेपासून आट्यांच्या टोकापर्यंत मोजायची. मागच्या चाकात दोन्ही बाजूंच्या लांब्या वेगळ्या असतात, एक जुनी तार नमुना म्हणून नेली की झालं असं होत नाही. उजवीकडच्या तारा वाकणाशी खरचटलेल्या दिसल्या तर चेन मोठ्या चक्रावरून आत पडत असणार. तेव्हा आधी मागच्या डिरेलरचा (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या यंत्रणेचा) मर्यादा-स्क्रू लावा. कॅसेटमागची (गिअरच्या चक्रांच्या संचामागची) प्लॅस्टिकची तबकडी "शोभत नाही" म्हणून काढतात, ती याचसाठी दिलेली असते.

हबकडे काणाडोळा

सहा-सात गिअरच्या स्वस्त सायकलींमध्ये बहुधा हबच्या आट्यांवर बसणारं फ्रीव्हील (गिअरच्या चक्रांचा संच) असतं. त्यात उजवीकडचं बेअरिंग फ्रेमपासून बरंच आत राहतं, एक्सलचा लांब तुकडा आधाराविना राहतो आणि तो वाकतो किंवा तुटतो. चाक प्रत्येक फेरीत हललेलं दिसतं, तारा मात्र ठीक असतात. अशा वेळी आऊट काढण्यात अर्थ नाही. एक्सल बाहेर काढून सपाट काचेवर लोळवून बघा.

कोन-छर्ऱ्यांच्या हबमध्ये क्विक रिलीज (लिव्हरने आवळायचा एक्सल) असेल तर कोन, म्हणजे छर्ऱ्यांना दाबून धरणाऱ्या नट, लावताना किंचित खेळ ठेवावा लागतो, कारण लिव्हर आवळल्यावर एक्सल दबतो आणि तो खेळ संपतो. आधीच घट्ट केलं तर छर्रे कोन खातात. बाइक धुण्याच्या सेंटरवर सायकलचा हबही प्रेशरने धुऊन घेऊ नका. पाणी आत जातं, ग्रीस बाहेर येतं.

पंक्चरबद्दल एवढंच: ट्यूबला भोक रिमच्या बाजूला असेल तर टायरमध्ये काटा शोधू नका, रिम टेप सरकलेली असेल. शेजारी शेजारी दोन चिरा म्हणजे हवा कमी होती.

नवीन चाक घेताना

इथे लोक वजन आणि देखणेपणा बघतात. पाम बीच रोडवर पहाटे वाशी ते बेलापूर एका दमात मारणाऱ्याला खोल रिमचा थोडा फायदा होईलही, पण खाडीकडून आडवा वारा सुटला की तीच रिम हँडल ओढते. कापूरबावडीच्या सिग्नलवर तर तिचा काडीचा उपयोग नाही. रोजच्या वापराला 32 तारा, तीन क्रॉस (प्रत्येक तार दुसऱ्या तीन तारांना ओलांडून जाते), पितळी निपल ही माझी निवड. वजन 85-90 किलोच्या पुढे असेल तर मागे 36. वीस तारांच्या चाकात एक तुटली की रिम एवढी कलते की चाक फ्रेमला घासू शकतं, आणि तसल्या चपट्या किंवा वाकण नसलेल्या सरळ तारा गल्लीतल्या दुकानात मिळत नाहीत. ॲल्युमिनिअमची निपलं हलकी खरी, पण खाडीकाठच्या खाऱ्या दमट हवेत स्टीलच्या तारेवर ती गंजून चिकटतात.

इंचांवर विश्वास ठेवू नका. काळ्या जुन्या सायकलचं 28 म्हणजे रिमवर टायर बसतो तिथला व्यास 635 मिलिमीटर, आणि काही ठिकाणी 28 म्हणून विकलं जाणारं 700सी म्हणजे 622. तेरा मिलिमीटरच्या फरकाने टायर बसणारच नाही. 26 मध्येही 559 आणि 590 असे भाऊबंद आहेत. टायरच्या भिंतीवर 28-622 (टायरची रुंदी आणि तो व्यास) असा आकडा छापलेला असतो, तोच दुकानदाराला सांगा. डिस्क ब्रेक असेल तर क्रॉस न घेता सरळ भरलेल्या तारांचं चाक नको. ब्रेकचा पीळ हबमधून तारांवर येतो. आणि एक्सल क्विक रिलीज की थ्रू (फ्रेममधून आरपार जाणारा), फ्रेममधली रुंदी 130, 135 की 142, हे पैसे देण्याआधी मोजा.

हवा भरताना टायरवर लिहिलेला कमाल आकडा गाठायचाच असं नसतं. 70 किलोच्या माणसाला 28 मिमी टायरमध्ये 70 ते 80 पीएसआय पुरतात. 110 भरून खड्ड्यांतून गेलात तर तो धक्का तारांनी सोसायचा.

वाटेत तार तुटली तर

तुटलेली तार शेजारच्या तारेभोवती गुंडाळा, नाहीतर ती डिरेलरमध्ये अडकते. रिम ब्रेक असेल तर त्या चाकाचा ब्रेक सैल सोडा, दोन्ही शेजारच्या तारा पाव-पाव फेरी सोडा आणि सावकाश घरी या. येऊरच्या चढावर हे घडलं तर मात्र एका ब्रेकवर उतार उतरू नका. सायकल हातात धरून खाली चालत या.