‘जोन्स’चं मूळ शोधताय? या चुका टाळा

जोन्स आडनावाचा माग काढणारे बहुतेक जण पहिल्याच पायरीला घसरतात. सगळे जोन्स मुळात एकाच घराण्यातले, असं ते धरून चालतात. असं घराणं कधीच नव्हतं. जोन्स म्हणजे जॉनचा मुलगा, एवढंच. आणि हे आडनाव मुख्यतः वेल्सचं, म्हणजे ब्रिटनमधल्या इंग्लंडच्या पश्चिमेकडच्या प्रदेशाचं.

मराठी माणसाला हे पटकन कळावं. आपण स्वतःचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव लिहितो. जुन्या वेल्समध्ये यातला तिसरा भाग नव्हताच. ‘अप’ म्हणजे ‘चा मुलगा’. अप जोडत जोडत माणूस चार-पाच पिढ्या सांगायचा. १५३६ च्या कायद्याने वेल्स इंग्लंडला जोडला गेला, कोर्टकचेरीची भाषा इंग्रजी झाली आणि कायमचं आडनाव हळूहळू रुळलं. आधी जमीनदारांत, मग गावकऱ्यांत. वायव्येकडच्या काही खेड्यांत त्यासाठी एकोणिसावं शतक उजाडावं लागलं. ज्या पिढीत आडनाव कायम झालं तिच्या वडिलांचं नाव जॉन असेल, तर पुढचे सगळे जोन्स. आणि जॉन तर घरोघरी होते.

म्हणून मागे जाताना फक्त ‘जोन्स’ शोधत राहणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. समजा, १७८० च्या सुमाराची चर्चची बाप्तिस्म्याची वही तुमच्यासमोर आहे. हवा आहे थॉमस जोन्स. थॉमस सापडतो, पण वडील ‘जॉन इव्हान्स’. हा आपला नव्हे म्हणून लोक पान उलटतात. थांबा! जॉनचा मुलगा थॉमस, म्हणून तो पुढे जोन्स. आणि जॉनचे वडील इव्हान, म्हणून तो इव्हान्स. तोच तुमचा असू शकतो. आईचं आडनाव वेगळं दिसलं तरी बिचकू नका, लग्नानंतरही बायका माहेरचं नाव ठेवत. मुळात इव्हान हेसुद्धा जॉनचंच वेल्श रूप आहे.

‘पाय’ हे चिन्ह १७०६ साली वर्तुळाचा परीघ आणि व्यास यांच्या गुणोत्तरासाठी वापरणारे, वेल्सच्या अँगलसी बेटावरचे गणिती विल्यम जोन्स घ्या. त्यांचे वडील शोन शोर. शोन म्हणजे जॉन, म्हणून मुलगा जोन्स. याच गणितज्ञांचे चिरंजीव सर विल्यम जोन्स. १७८४ मध्ये कलकत्त्यात एशियाटिक सोसायटी काढणारे, शाकुंतल इंग्रजीत नेणारे.

आता नकाशा. अमेरिकेत २०१० च्या जनगणनेत १४ लाख २५ हजारांवर जोन्स होते, पण तेवढ्यावरून मूळ तिकडे शोधू नका. एकूण आकडा आणि प्रमाण यांत गल्लत होते. अमेरिकेत दोनशेंमागे एक जोन्ससुद्धा पडत नाही. वेल्समध्ये साधारण वीसात एक, आणि वायव्येला त्याहूनही दाट. शिवाय अमेरिकेतल्या असंख्य कृष्णवर्णीय कुटुंबांकडे हे आडनाव गुलामगिरीच्या काळातून आलं. तिथे आडनावावरून रक्ताचं नातं ठरवणं चूकच नव्हे, अन्यायाचंही आहे. उलट अर्जेंटिनातल्या चुबुट खोऱ्यातले जोन्स बहुधा अस्सल वेल्श. १८६५ मध्ये ‘मिमोसा’ जहाजाने वेल्श कुटुंबं तिथे उतरली. तिथल्या ट्रेलेव शहराला त्या वसाहतीचे एक संस्थापक लुईस जोन्स यांचंच नाव आहे: ‘ट्रे’ म्हणजे गाव, ‘लेव’ म्हणजे लुईस.

‘जोन्स घराण्याचं कुलचिन्ह’ म्हणून चौकट करून विकतात, त्यावर पैसे घालवू नका. ते चिन्ह व्यक्तीला मिळतं, आडनावाला नाही.

मग शोधायचं कशावरून? घराच्या नावावरून. एका गावात पाच जॉन जोन्स असले की लोक शेताच्या किंवा धंद्याच्या नावाने ओळखत. दूधवाला तो ‘जोन्स द मिल्क’. दफनभूमीतल्या दगडावर नावाखाली बारीक अक्षरांत एक ओळ असते, ‘टी माउर’ म्हणजे मोठं घर, अशी काहीतरी. फोटो काढताना ती ओळ कापू नका. जनगणनेच्या जुन्या याद्यांतही तेच नाव शोधा. पाच जॉन जोन्सपैकी तुमचा कोणता, ते तिथे कळतं.