मौलाना आझाद वाचायचे कसे: शिक्षण, राजकारण आणि परराष्ट्रनीतीतील इस्लामी विचाराचा माग

मौलाना अबुल कलाम आझाद आपल्याकडे बहुधा दोन ओळींत आटोपले जातात: स्वतंत्र भारताचे पहिले शिक्षणमंत्री आणि फाळणीला विरोध करणारे काँग्रेसचे अध्यक्ष. दोन्ही गोष्टी खऱ्या असल्या, तरी त्यांतून एक प्रश्न सुटत नाही. मक्केत 1888 साली जन्मलेल्या, शाळेचे तोंडही न पाहिलेल्या आणि घरीच अरबी-फारसीचे पारंपरिक अध्ययन केलेल्या या आलिमाने (इस्लामी धर्मपंडिताने) शाळा-विद्यापीठांविषयी, राष्ट्राविषयी आणि परदेशांशी असलेल्या संबंधांविषयी जे मांडले, त्यात त्यांच्या धर्मविचाराचा वाटा नेमका किती होता? तो शोधण्याची एक पद्धत पुढे देत आहे. उर्दू येत नसली तरी ती वापरता येते. मात्र थोडा धीर हवा.

पहिली तयारी वहीची. एका बाजूला तारीख, दुसऱ्या बाजूला मजकूर आणि तिसऱ्या बाजूला तो कोणासमोर मांडला गेला, अशी तीन घरे आखावीत. हा कारकुनी सोपस्कार वाटेल. पण आझादांच्या बाबतीत तारीख सुटली की माणूस निसटतो. कलकत्त्याहून 1912 मध्ये ‘अल-हिलाल’ काढणारे तरुण आझाद मुसलमानांना सांगत होते की राजकारणाची दिशा कुराणातूनच घ्यावी, दुसऱ्या कोणाच्या मागे जाण्याचे कारण नाही. सरकारने ते साप्ताहिक बंद पाडले, 1916 मध्ये आझादांना बंगालमधून हद्दपार केले आणि पुढली साडेतीन वर्षे रांचीत स्थानबद्ध ठेवले. तेथून सुटून आल्यावर खिलाफत चळवळीच्या व्यासपीठावरून ते हिंदू-मुस्लिम एकजुटीसाठी मदिनेच्या कराराचा, म्हणजे पैगंबरांनी मदिनेतल्या मुसलमानांना आणि ज्यूंना एकत्र बांधणाऱ्या कराराचा, दाखला देऊ लागले. 1912 चा उतारा आणि 1940 चा उतारा शेजारी ठेवून ‘आझाद म्हणतात’ असे वाक्य लिहिणे ही या विषयातली सर्वांत सररास होणारी चूक आहे. आमच्या वाचनमंडळात ती आम्हीही केली आणि एक अख्खी बैठक निष्फळ वादात घालवली.

दुसरी तयारी शब्दांची, आणि मराठी वाचकाने येथे विशेष सावध राहावे, कारण ओळखीचे शब्दच फसवतात. ‘अदालत’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर कचेरी उभी राहते. आझादांच्या कुराणभाष्यात तो ईश्वराच्या न्यायगुणासाठी येतो. ‘दीन’ आपल्या कानाला दुबळा, गरीब असा लागतो. तेथे त्याचा अर्थ धर्माचे मूळ सत्त्व असा आहे. उलट काही शब्द मदतीला येतात. त्यांच्या भाष्याच्या ‘तर्जुमान-उल-कुरआन’ या नावातला तर्जुमा, म्हणजे भाषांतर, आपल्या जुन्या कागदपत्रांतही भेटतो आणि ‘गुबार-ए-खातिर’ या त्यांच्या पत्रसंग्रहाच्या नावातले ‘खातिर’ म्हणजे मन हे ‘खातरजमा’ आठवली की पटते. ‘कौम’ (ढोबळमानाने लोकसमूह), ‘मिल्लत’ (धर्मसमुदाय), ‘उम्मत’ (पैगंबरांच्या अनुयायांचा समुदाय) आणि ‘वतन’ (मायभूमी) या चार शब्दांचे भाषांतर सरसकट ‘समाज’ किंवा ‘राष्ट्र’ असे करू नये. प्रत्येक वेळी मूळ शब्द वहीत तसाच उतरवावा.

मग वाचायला कोठून बसावे? माझे मत असे की थेट भाष्यापासून सुरुवात करू नये. ‘गुबार-ए-खातिर’ मधली पत्रे आधी घ्यावीत. ही पत्रे अहमदनगरच्या किल्ल्यात लिहिली गेली. ऑगस्ट 1942 मध्ये मुंबईत पकडलेली काँग्रेसची कार्यकारिणी तेथे डांबली होती. नेहरू, पटेल, आचार्य नरेंद्र देव आणि आपले शंकरराव देवही त्यांत होते. पत्रे आझादांचे स्नेही हबीबुर रहमान खान शेरवानी यांना उद्देशून आहेत, पण तुरुंगातून ती टपालात पडलीच नाहीत. 1946 मध्ये पुस्तकरूपाने निघाली. पहाटे उठून स्वतःच्या हाताने केलेला, दुधाचा थेंबही न घातलेला चिनी चहा, खोलीत घरटी बांधणाऱ्या चिमण्यांशी चाललेली लढाई आणि मग तह, संगीताचा लळा, ईश्वर आहे की नाही याविषयीचे जुने संशय, असे सारे त्यांत आहे. एप्रिल 1943 मधले पत्नीच्या निधनाचे पत्र सावकाश वाचावे. आजारी पत्नीला भेटण्यासाठी सरकारकडे विनंती करायची असल्यास ती पुढे पाठवू, असे तुरुंगाधिकाऱ्याने सुचवले होते. आझादांनी ती केली नाही. या पत्रांतून त्यांचा स्वर कानात बसतो आणि पुढे भाषणांतला वक्ता आणि आतला माणूस वेगळे ओळखता येतात.

यानंतर भाष्याकडे वळावे. ‘तर्जुमान-उल-कुरआन’ सगळे वाचण्याचा हट्ट नको. कुराणाच्या पहिल्या सूऱ्यावरचे (अध्यायावरचे), म्हणजे फातिहावरचे विवेचन पुरेसे आहे. त्यात तीन संज्ञा पकडायच्या: रुबूबियत, रहमत आणि अदालत, अर्थात पोसणे-वाढवणे, करुणा आणि न्याय. ईश्वर हा कोणा एका टोळीचा नसून साऱ्या जगांचा पालनकर्ता आहे, यावर आझादांचा सारा भर आहे. त्याला जोडूनच ते सांगतात की दीन सर्वत्र एकच आहे. शरा, म्हणजे आचारविधी आणि कायदे, काळाप्रमाणे आणि देशाप्रमाणे बदलत आले. परंपरावादी उलेमांपैकी अनेकांना हे मुळीच रुचले नाही. तो आक्षेपही वहीत नोंदवावा, नाहीतर आझाद म्हणजेच सारा इस्लामी विचार असा गैरसमज होतो.

आता राजकारण. मार्च 1940 मधले काँग्रेसच्या रामगढ अधिवेशनातले अध्यक्षीय भाषण घ्यावे आणि त्यातले दोनच आकडे पाहावेत. इस्लामच्या तेराशे वर्षांच्या परंपरेचा मी वारस आहे आणि तिचा लहानसा अंशही मी गमावू देणार नाही, असे आझाद म्हणतात. लगेच पुढे, भारतीय राष्ट्रीयत्वाच्या अविभाज्य एकतेचा मी घटक आहे असेही म्हणतात. दुसरा आकडा अकराशेचा: या भूमीवर एकत्र घालवलेल्या अकराशे वर्षांच्या इतिहासाने हिंदू आणि मुसलमान या दोन्ही समाजांची भाषा, पेहराव, चालीरीती घडवल्या, असा त्यांचा दावा आहे. पहिला आकडा श्रद्धेचा आणि दुसरा भूगोलाचा; एकाला दुसऱ्यात विरघळू न देता दोन्ही उभे ठेवणे हीच त्या भाषणाची रचना आहे. त्याच आठवड्यात लाहोरला मुसलमानांसाठी वेगळ्या राज्यांची मागणी करणारा मुस्लिम लीगचा ठराव झाला, हे तारखेच्या घरात दिसलेच पाहिजे.

या भाषणाला 15 एप्रिल 1946 चे निवेदन जोडून वाचावे. ‘पाकिस्तान’ या शब्दातच भूमीचे पाक आणि नापाक असे तुकडे गृहीत आहेत आणि ते इस्लामच्या वृत्तीशी विसंगत आहे, कारण सारी पृथ्वी माझ्यासाठी मशीद केली गेली आहे असे पैगंबरांचे वचन आहे, असा युक्तिवाद त्यात येतो. धर्मवचन येथे शोभेसाठी आलेले नाही. मात्र त्याच निवेदनातला पुढचा भाग, संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण केंद्राकडे ठेवून उरलेले अधिकार प्रांतांना देण्याचा, निव्वळ राज्यघटनेचा हिशेब आहे. कोणते वाक्य कोणत्या खात्यात जाते हे ठरवण्याचा सराव करायला याहून चांगला मजकूर नाही.

शिक्षणाकडे येताना अतिउत्साह आवरावा. खरगपूरची आयआयटी (1951) किंवा विद्यापीठ अनुदान आयोग (1953) कुराणभाष्यातून निघाले असे म्हणणे हास्यास्पद ठरेल. त्यामागे समित्या होत्या, सहकारी होते आणि नव्या देशाची निकड होती. धागा खरोखर दिसतो तो जानेवारी 1948 मध्ये केंद्रीय शिक्षण सल्लागार मंडळासमोर केलेल्या भाषणात. युरोपपुढची अडचण जडवादाची आहे, आपल्यापुढची धर्मांधतेची, असे सांगून आझादांनी असा निष्कर्ष काढला की धर्मशिक्षण सरकारी शाळांतून हद्दपार केल्यास ते संकुचित वृत्तीच्या खासगी हातांत जाईल. म्हणून ते राज्याच्या देखरेखीखाली, उदार स्वरूपात द्यावे. संविधानाने वेगळी वाट धरली: अनुच्छेद 28 नुसार पूर्णतः राज्याच्या निधीतून चालणाऱ्या संस्थेत धर्मशिक्षण देता येत नाही. हे भाषण आणि तो अनुच्छेद समोरासमोर ठेवून गटात चर्चा घ्यावी. तासभर सहज जातो, आणि कोणाचे पारडे जड हे शेवटपर्यंत ठरत नाही. मदरशांच्या जुन्या पाठ्यक्रमावरची त्यांची टीकाही याच सोबत वाचावी, कारण ती बाहेरच्याची नसून तोच दर्स-ए-निझामी घोकलेल्या माणसाची आहे.

परराष्ट्र संबंधांचा भाग आकाराने लहान आहे, पण मौजेचा आहे. आझाद परराष्ट्रमंत्री नव्हते. त्यांचे साधन संस्कृती हे होते. एप्रिल 1950 मध्ये भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद त्यांच्या अध्यक्षतेखाली सुरू झाली आणि अरब वाचकांसाठी तिचे ‘सकाफत-उल-हिंद’ हे अरबी नियतकालिक निघाले. 1956 मध्ये युनेस्कोची सर्वसाधारण परिषद दिल्लीत भरली, तेव्हा अध्यक्षस्थानी तेच होते. येथे भाष्याचे एक पान पुन्हा उघडावे. सूरा कहफमधला झुलकरनैन हा राजा म्हणजे सिकंदर नव्हे, तर इराणचा सम्राट सायरस, असे प्रतिपादन आझादांनी केले होते. त्या विवेचनाचा फारसीत अनुवाद झाला. कुराणातला एक पुरुष इराणच्या इस्लामपूर्व इतिहासाशी जोडणारा भारतीय आलिम इराणी वाचकाला जवळचा का वाटला असेल, हे समजायला राजनयाची परिभाषा लागत नाही.

‘इंडिया विन्स फ्रीडम’ हे आत्मकथन मुद्दाम शेवटी ठेवावे. अनेकजण तेथूनच सुरुवात करतात, कारण ते सहज मिळते. आझाद उर्दूत बोलत, त्यांचे सहकारी हुमायून कबीर टिपणे घेऊन इंग्रजीत लिहीत आणि मसुदा आझाद तपासत. पुस्तक 1959 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, आले आणि राखून ठेवलेली सुमारे तीस पाने 1988 मध्ये उघडली गेली. म्हणून त्यातल्या शब्दांवर काथ्याकूट करू नये. घटना घ्याव्यात आणि जेथे आझादांचे त्या काळचे निवेदन किंवा भाषण उपलब्ध असेल तेथे ते प्रमाण मानावे. उर्दूतली पत्रे आणि भाष्य साहित्य अकादमीच्या आवृत्त्यांत मिळते. देवनागरीत उतरवून वाचून दाखवणारा एखादा उर्दूचा शिक्षक गटात असल्यास काम निम्मे होते. पहिल्या बैठकीला त्याला चहाचे पत्रच वाचायला सांगावे.