धान्य बँकेत खडखडाट होऊ नये म्हणून

वस्तीसाठी धान्य बँक सुरू करणं सोपं आहे, ती बारा महिने चालवणं अवघड. गणपती ते दिवाळी पोती ठेवायला जागा पुरत नाही. मेमध्ये लोक गावी गेले, जूनमध्ये शाळेचा खर्च आला की खडखडाट. शिवाय जे येतं ते बहुतेक तांदूळ आणि बिस्किटं. तेल, डाळ, मीठ कुणाला सुचतच नाही. माझ्या मते देणारे कमी नसतात, आपण नेमकं मागत नाही.

१. आधी गरज मोजा

चाळीस कुटुंबं, प्रत्येकी दोन किलो तूरडाळ म्हणजे ८० किलो. शिल्लक ३०. मग मागणी ५० किलोची, ‘जमेल ते द्या’ अशी नाही. हाच हिशेब तेल, साखर, मीठ, चहापत्तीचा मांडा आणि वहीच्या एकाच पानावर ठेवा.

याच वेळी प्रत्येक घराचं रेशनकार्ड विचारा. प्राधान्य गटाला माणशी ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला महिना ३५ किलो धान्य जानेवारी २०२३ पासून मोफत आहे. ज्यांना ते मिळतं त्यांना आपला तांदूळ कशाला? त्यांना डाळ-तेल द्या. कार्ड गावाकडचं असेल तर ‘एक देश एक रेशनकार्ड’ योजनेत शहरातल्या दुकानातूनही धान्य उचलता येतं. ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं) राहिली असेल तर दुकानदाराकडे सोबत जाऊन ती करून द्या. एका कुटुंबाचं रेशन सुरू झालं की दर महिन्याचं तेवढं धान्य वाचतं, आणि त्यासाठी कुणापुढे हात पसरावा लागत नाही.

२. एका सोसायटीला एकच वस्तू

‘अ’ इमारतीकडून फक्त तेल, ‘ब’कडून फक्त डाळ. महिन्याच्या २० तारखेला निरोप पाठवा, म्हणजे पहिल्या आठवड्याच्या किराणा यादीत ती वस्तू चढते. एप्रिल-मेमध्ये ज्या घरी वर्षाचा गहू भरतात, तिथे पोत्यामागे दोन किलो मागून ठेवा. पोतं उघडं असताना नाही म्हणणारं घर विरळा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी वसतिगृहासाठी मुष्टिफंड उभा केला तो घराघरातल्या मूठमूठ धान्यावरच.

रोख देणगी आली तर ती किरकोळ दुकानात घालवू नका. नवी तूर डिसेंबर ते फेब्रुवारीत बाजारात येते. तेव्हा भुसार बाजारातून पोत्याने डाळ घ्या. दोन-तीन मंडळांनी मिळून घेतली तर टेम्पोचं भाडंही वाटून जातं.

३. आलेलं टिकवा

पोती जमिनीवर नको, फळ्यांवर. भिंतीपासून वीतभर दूर, नाहीतर पावसाळ्यात ओल धरते. गव्हाला ऊन देऊन, तो पूर्ण गार झाल्यावरच कोठीत भरा. तांदळाला ऊन दाखवू नका, दाणा तडकतो. तूरडाळीला एरंडेलाचा हात फिरवा. टोके झालेलं पोतं दिसलं की त्याच दिवशी बाजूला काढा, नाहीतर शेजारचंही जातं. कीड मारायच्या गोळ्या वस्तीतल्या खोलीत अजिबात नको; त्यांचा वायू जीवघेणा असतो.

प्रत्येक पिशवीवर आल्याची तारीख मार्करने लिहा. जुनं पुढे, नवं मागे. पाकिटावर ‘या तारखेपर्यंत उत्तम’ असेल तर ती दर्जाची तारीख. ‘एक्स्पायरी’ उलटली असेल तर मात्र वाटायचं नाही, देणाऱ्याला वाईट वाटलं तरी.

लग्नातलं उरलेलं जेवण मोहाचं असतं. शिजवलेलं अन्न ६० अंशांच्या वर किंवा ५ अंशांच्या खाली ठेवावं लागतं आणि उरलेल्या अन्नाच्या वाटपासाठी एफएसएसएआयचे (केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) २०१९ चे नियमही आहेत. ती सोय नसेल तर तयार जेवण वाटणाऱ्या नोंदणीकृत संस्थेचा नंबर यजमानाला द्या.

४. कमी पडलंच तर

पडणारच. म्हणून कुणाला आधी द्यायचं ते साठा भरलेला असतानाच ठरवा: गरोदर बाई, लहान मुलं असलेलं घर, एकटे म्हातारे, मग बाकीचे. अर्धं किट द्या, पण रिकाम्या हाताने परत पाठवू नका. पुढचं वाटप कधी, ती तारीख दारावर ठळक लिहून ठेवा. नुसत्या चौकशीसाठी कुणाची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडायला नको.