इलेक्ट्रॉनिक पार्ट ऑथराइज्ड डिस्ट्रिब्युटरकडून घेताय? या चुका टाळा

नाशिक भागात अंबड, सातपूर आणि सिन्नरच्या एमआयडीसीत पॅनल, पंपाचे स्टार्टर, ठिबकचे टायमर बनवणारे छोटे कारखाने भरपूर आहेत. कार्डावरचा (सर्किट बोर्डावरचा) एक पार्ट डुप्लिकेट निघाला, की ते कार्ड खरड छाटणीनंतर ऐन पाण्याच्या वेळी बागेत बंद पडतं. द्राक्षवाला शेतकरी चिपच्या कंपनीला फोन करत नाही, तुम्हाला करतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे अख्खं दुकानच ऑथराइज्ड, म्हणजे कंपनीने नेमलेलं, आहे असं समजणं. नेमणूक ब्रँडनुसार असते. एखादा डीलर एका कंपनीच्या रिलेचा अधिकृत वितरक असेल, पण त्याच काउंटरवरची मायक्रोकंट्रोलरची (प्रोग्रॅम चालवणाऱ्या चिपची) रील, म्हणजे पट्टीत गुंडाळलेल्या चिपचं रीळ, त्याने बाजारातून उचललेली असू शकते. भिंतीवरच्या सर्टिफिकेटवर जाऊ नका. उत्पादकाच्या स्वतःच्या वेबसाइटवर वितरकांची यादी असते, तिथे भारत निवडून नाव सापडतं का बघा. ऑनलाइन घेतानाही डोळे उघडे ठेवा. डिजी-की या पार्ट विकणाऱ्या वेबसाइटवर त्यांच्या स्टॉकसोबत मार्केटप्लेसचा मालही दिसतो आणि तो दुसरा विक्रेता पाठवतो. ऑर्डर टाकण्याआधी विक्रेत्याचं नाव वाचा.

डुप्लिकेट माल चालतच नाही असं नसतं, म्हणून तर तो टेस्टिंगमधून सुटतो. एलएम२५९६ हा स्वस्तातला, सगळीकडे वापरला जाणारा रेग्युलेटर (ठरावीक व्होल्टेज देणारी चिप) उदाहरणाला घ्या. डेटाशीटप्रमाणे (कंपनीच्या माहितीपत्रकाप्रमाणे) तो १५० किलोहर्ट्झच्या आसपास स्विच करतो, म्हणजे सेकंदाला सुमारे दीड लाख वेळा चालू-बंद होतो. बाजारातले अनेक नकली पीस ५० च्या आसपास चालतात. व्होल्टेज बरोबर दिसतं, पण इंडक्टरमधला (शेजारच्या कॉइलमधला) रिपल करंट, म्हणजे करंटचा चढउतार, तिप्पट होतो. इंडक्टर तापतो, कपॅसिटर लवकर जातो. कार्ड विनाकारण गरम होत असेल तर आउटपुटला पुरेसा लोड द्या आणि चिपच्या पिन २ वर ऑसिलोस्कोपचा प्रोब ठेवा. फ्रिक्वेन्सीच खरं सांगते. यूएसबी-सिरियल चिपचा किस्सा तर अनेकांना आठवत असेल: २०१४ मध्ये एफटीडीआय या चिप कंपनीच्या नव्या विंडोज ड्रायव्हरने तिच्या एफटी२३२ चिपच्या नकलांचा प्रॉडक्ट आयडी (कॉम्प्युटरला ओळख पटवणारा नंबर) शून्य करून टाकला आणि आदल्या दिवशी चालणारे बोर्ड कॉम्प्युटरला दिसेनासे झाले.

माल अस्सल असूनही ऑर्डर चुकते, ती अर्धवट पार्ट नंबरमुळे. शेवटची दोन-चार अक्षरं सोडू नका. एलएम२५९६एस म्हणजे बोर्डावर चिकटणारं पॅकेज, एलएम२५९६टी म्हणजे पायांचं. पुढे -५.० लिहिलं तर ठरलेले पाच व्होल्ट, -एडीजे लिहिलं तर जुळवून घ्यायचे. तुम्ही लिहिलेला नंबरच वितरक पाठवतो आणि काही ऑर्डरी रद्दही होत नाहीत, परतही होत नाहीत.

कार्ड सोल्डर करून देणाऱ्या जॉबवर्कवाल्याला ‘पार्टसकट भरून दे’ म्हणता तेव्हा सगळी साखळी त्याच्या हातात जाते. पार्ट स्वतः द्या, नाहीतर प्रत्येक लॉटच्या बिलाची प्रत मागा. रीलवरचं लेबल तर अजिबात फाडू नका. त्यावर पूर्ण पार्ट नंबर, लॉट नंबर आणि डेट कोड असतो. २४१८ म्हणजे २०२४ चा अठरावा आठवडा. सुट्ट्या प्लास्टिक पिशवीत ओतलेल्या चिपसाठी अधिकृत वितरकाला जास्तीचे पैसे कशाचे दिले, हे मग कुणालाच दाखवता येत नाही.

पावसाळ्यात सीलबंद पाकिटाकडे लक्ष हवं. एमएसएल ३ (चिप ओलाव्याला किती नाजूक आहे याची पातळी) लिहिलेली चिप पाकीट उघडल्यावर ३० अंश आणि ६० टक्के आर्द्रतेपर्यंत १६८ तास बाहेर राहू शकते. नाशिकच्या जुलैत हवा त्याहून दमट असते. आत शिरलेली ओल रिफ्लोच्या (भट्टीत होणाऱ्या सोल्डरिंगच्या) उष्णतेने वाफ होऊन पॅकेजला तडा देते. उरलेला माल ड्राय कॅबिनेटमध्ये ठेवा; मुदत उलटली असेल तर सोल्डरिंगआधी बेक करा, म्हणजे गरम हवेत वाळवा.

परदेशातून थेट मागवत असाल तर कुरियरचं केवायसी आधीच पूर्ण करा आणि बिल ऑफ एंट्रीवर (कस्टम्समधल्या आयातीच्या कागदावर) तुमचा जीएसटीआयएन बरोबर येतोय ना ते तपासा. नाहीतर आयातीवर भरलेल्या आयजीएसटीचं क्रेडिट अडकतं.

आणि ‘स्टॉक नाही’ हे उत्तर आलं, की घाईत बाजारात धावू नका. २०२१ च्या चिपटंचाईत पुष्कळांनी तेच केलं. महत्त्वाच्या प्रत्येक पार्टला दुसऱ्या कंपनीचा पर्याय डिझाइन करतानाच तपासून पार्टच्या यादीत लिहून ठेवा, म्हणजे तोही अधिकृत वितरकाकडूनच मागवता येतो.