केंडोच्या वर्गात नाव घालण्यापूर्वी

नोकरीनिमित्त तोक्योच्या निशिकासाई भागात राहायला आल्यावर मी केंडोच्या, म्हणजे जपानी तलवारबाजीच्या, वर्गात नाव घातले, तेव्हा हातात काठी आली की मारायला शिकवतील अशी माझी समजूत होती, आणि लहानपणी कोल्हापुरात मर्दानी खेळ पाहिलेले असल्यामुळे ती जरा जास्तच पक्की होती. प्रत्यक्षात पहिले तीन महिने आम्ही लाकडी जमिनीवर अनवाणी सरकत होतो. उजवा पाय पुढे, डावा मागे, डावी टाच किंचित उचललेली आणि पावले न उचलता घसटत न्यायची, या चालीला सुरिआशी म्हणतात. डाव्या तळव्याला अंगठ्यामागे फोड येतो, कातडी निघते. चिकटपट्टी बांधून पुन्हा उभे राहावे लागते.

शिनाई म्हणजे बांबूच्या चार कामट्या जुळवून केलेली तलवार. तिच्या एका बाजूने ताणलेली दोरी ही तलवारीची पाठ मानली जाते, म्हणून घाव विरुद्ध बाजूने बसला पाहिजे. प्रौढांची शिनाई जास्तीत जास्त 120 सेंटिमीटर लांब असते, आणि स्पर्धेत पुरुषांसाठी तिचे वजन किमान 510 ग्रॅम लागते. ती पेलायची डाव्या हाताने, करंगळी आणि अनामिका आवळून; उजव्या हाताने फक्त दिशा द्यायची. मी उजवा असल्याने माझे घाव कुऱ्हाडीसारखे पडत आणि समोरच्याच्या डोक्यात घण वाजत असे.

एकदा सरावाच्या मध्येच एका ज्येष्ठ साथीदाराने माझी शिनाई काढून घेतली, उलगडली आणि एका कामटीवरची केसाएवढी चीर नखाने दाखवली. अशी चीर वाढून निघालेली ढलपी शिरस्त्राणाच्या गजांमधून थेट डोळ्यात जाऊ शकते. तेव्हापासून मी प्रत्येक सरावाआधी कामट्यांवरून बोट फिरवतो आणि कडा काचकागदाने घासतो. नवख्याने चिलखतापेक्षा ही सवय आधी लावून घ्यावी. चिलखत महाग असते आणि सेन्सेई, म्हणजे गुरुजी, सांगेपर्यंत लागतही नाही. निळीत रंगवलेला नवा अंगरखा मात्र वेगळा धुवावा. माझे दोन पांढरे शर्ट त्यातच गेले.

डोके, मनगट, बरगड्यांची बाजू आणि गळा एवढ्याच जागी घाव मोजला जातो. मात्र नुसता स्पर्श पुरत नाही. आवाज, तलवार आणि पुढच्या पायाचा आपटा एकाच क्षणी जुळावा लागतो, आणि घावानंतरही सावधपणा सुटता कामा नये. तीनपैकी दोन पंचांची निशाणे वर गेली की गुण. गुण मिळाल्यावर आनंदाने उड्या मारल्यास तो रद्दही होतो. मला सर्वांत अवघड गेले ते ओरडणे, कारण दिवसभर कार्यालयात दबक्या आवाजात बोलून संध्याकाळी छातीतून ‘मेन!’, म्हणजे ‘डोके!’, अशी आरोळी निघता निघत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानचा ताबा घेतलेल्या दोस्त राष्ट्रांच्या सैन्याच्या प्रशासनाने बंदी घातलेली ही कला 1952 मध्ये अखिल जपान केंडो महासंघ स्थापन झाल्यावर पुन्हा उभी राहिली. आठव्या ‘दान’च्या, म्हणजे श्रेणीच्या, परीक्षेला बसायलाच वयाची 46 वर्षे पूर्ण असावी लागतात, त्यामुळे येथे वयस्कर माणूस समोर आला म्हणून कोणी निर्धास्त होत नाही. आमच्या सत्तरी ओलांडलेल्या सेन्सेईंसमोर मी प्रथमच चिलखत घालून उभा राहिलो, तेव्हा ते अर्धे पाऊल पुढे आले, माझ्या शिनाईचे टोक आपोआप वर गेले आणि मनगटावर टपकन घाव बसला. शिरस्त्राण काढल्यावर ते एवढेच म्हणाले, “तुझी डावी टाच टेकली होती.”