हाडांची गोळी आणि माझा रविवारचा अर्धा तास

गेल्या श्रावणात रामकुंडाच्या ओल्या पायरीवर पाय घसरला, हात टेकला आणि मनगट मोडलं. वय ६३. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण हाडांशी तुलना करणारा आकडा, उणे २.८ निघाला. उणे २.५ किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होणं. आठवड्याला एक अशी अ‍ॅलेंड्रोनेटची ७० मिलिग्रॅमची गोळी सुरू झाली.

‘उपाशीपोटी घ्या’ एवढंच मला सांगितलं गेलं. मी पहाटे घोटभर पाण्यासोबत गिळायची आणि पुन्हा पांघरूण ओढून पडायची. तिसऱ्या रविवारी छातीच्या मधोमध असा जाळ उठला की वरणभाताचा घासही उतरेना. गोळी अन्ननलिकेत रेंगाळली की तिथली त्वचा भाजते, हे नंतर कळलं. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हे लिहितेय.

गोळीच्या आधी रक्त तपासा: कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटतं आणि हाड झिजवणाऱ्या पेशी जोरात येतात. गोळी त्यांना आवरते. पण मग हाडातून रक्तात येणारं कॅल्शियमही कमी होतं. त्यात ड जीवनसत्त्व कमी असेल तर रक्तातलं कॅल्शियम घसरतं. ओठांभोवती, बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, पायात गोळे येतात. माझं ड जीवनसत्त्व कमीच होतं. आधी ते भरून काढलं, मग गोळी पुन्हा सुरू केली. मूत्रपिंड फार कमजोर असेल तर ही गोळी देत नाहीत. दाढ काढायची असेल तर तीही आधीच उरकून घ्या.

आता माझी रीत. रविवारी उठल्या उठल्या, चहाच्याही आधी, मोठा पेलाभर साधं पाणी. उन्हाळ्यात आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीत बोअरचं जड पाणी येतं. त्यातलं कॅल्शियम गोळीला धरून बसतं आणि ती अंगी लागत नाही. म्हणून शनिवारी रात्रीच नळाचं पाणी तांब्यात भरून ठेवते. गोळी चघळायची नाही, अख्खी गिळायची. नंतर पूर्ण अर्धा तास आडवं व्हायचं नाही, काही खायचं-प्यायचं नाही. मी गच्चीवर चकरा मारते. समोर पांडवलेणीचा डोंगर उजळत जातो, तोवर वेळ सरते. मग चहा. कॅल्शियमची गोळी दुपारच्या जेवणासोबत, सकाळी अजिबात नाही. थायरॉईडची गोळीही चालू असेल तर दोन्हींच्या वेळा डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

विसरलात तर आठवेल त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एक घ्या, पुढची नेहमीच्या वारी. एका दिवसात दोन कधीच नाहीत. गिळताना दुखलं किंवा छातीत जळजळलं, तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना गाठा. मांडीत किंवा जांघेत नवीन ठणका लागला तरी सांगा.

जेवणात नाचणीची भाकरी आणि ताक ठेवलंय. १०० ग्रॅम नाचणीत साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं.

पंचवटीतल्या माझ्या ताईला गोळी सोसेना, म्हणून तिला दर सहा महिन्यांनी डेनोसुमॅबचं ६० मिलिग्रॅमचं इंजेक्शन देतात. त्याची तारीख चुकली तर आवरलेली झीज उसळी घेते आणि मणके मोडू शकतात. ‘बरं वाटतंय, या खेपेला राहू दे’ असं ती म्हणाली, तेव्हा मी तिच्या स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर लाल पेनाने मार्गशीर्षातल्या त्या तारखेला गोल केला. त्या दिवशी रिक्षा घेऊन मीच तिच्या दारात जाणार आहे.